हंस लंगडायला लागला की आधी जमीन बघा

हंस आज लंगडताना दिसला म्हणून पाय आजच दुखावला असं धरू नये. पक्षी दुखणं लपवतात. कळपात अशक्त दिसणं त्यांना परवडत नाही. म्हणून आपल्या नजरेला पाय ओढलेला दिसेपर्यंत तळव्याखाली बरंच काही घडून गेलेलं असतं.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता कित्येक वाड्यांत, होमस्टेंच्या आवारांत हंसांची एखादी जोडी दिसते. कोणी राखणीला पाळतं, कोणी हौसेने. आणि पावसाने मुक्काम ठोकला की श्रावणाच्या सुमारास एकच तक्रार ऐकू येते, ‘नर एक पाय टेकवत नाही.’ कोंबडी आजारी पडली तर काय करायचं ते घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं, हंसाचं कोणालाच नसतं. नेटवर शोधावं तर बर्फात पाय गोठण्यावरचे लेख निघतात. कोकणात हंसाच्या पायाशी वैर धरतात ते चिखल, जांभा आणि तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा.

पाण्यात राहणाऱ्या पक्ष्याला ओल कशी बाधते?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर भारात आहे. पाळीव हंसाचं वजन साधारण चार ते सहा किलो असतं. हा सगळा भार तळव्याच्या मधल्या गादीवर आणि बोटांच्या सांध्यांखालच्या लहान गाद्यांवर येतो. आपल्याकडे चोचीच्या मुळाशी टेंगूळ असलेले जे हंस दिसतात, त्यांचा पूर्वज म्हणजे पूर्व आशियातला एक स्थलांतरी रानहंस. तो बराच वेळ पाण्यावर तरंगून काढतो आणि तेव्हा पायावर भार जवळजवळ नसतोच. उरलेला वेळ तो मऊ गवतावर चरतो. आपला हंस मात्र दिवसभर अंगणात उभा असतो, वजनाने रानातल्या भावंडांपेक्षा जड असतो आणि पोहायला त्याला मिळालंच तर एक प्लास्टिकचं टब.

स्वच्छ पाण्यात पोहताना कातडी भिजते, पण तिच्यावर ना भार असतो ना घाण. चिखलात तिन्ही गोष्टी एकत्र येतात. ओलीने कातडी फुगून मऊ पडते, वरून पाच किलोंचा दाब येतो आणि खाली स्वतःचीच विष्ठा मिसळलेली असते. हंस दिवसभर चरतो आणि दिवसभर शिटतो, त्यामुळे बंद आवारातली जमीन दोन-चार दिवसांतच खराब होते. त्यात जांभ्याचा चिरा खरखरीत. मऊ पडलेल्या कातडीवर त्याचा एक बारीक ओरखडा पुरतो.

उन्हाळ्यात कारण वेगळं, परिणाम तोच. एप्रिल-मे महिन्यांत सिमेंटची फरशी इतकी तापते की माणसालाही अनवाणी उभं राहवत नाही. पुळणीवर मोकळे सोडलेले हंस कालवांच्या खडकावर चढले, तर तिथल्या धारेने पाय कापून घेतात.

तळव्यावरचा काळा ठिपका

ओरखड्यातून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात, म्हणजे कातडीवर एरवीही नांदणारेच. या दुखण्याला डॉक्टर मंडळी बंबलफूट म्हणतात. सुरुवातीला तळव्याची एक जागा गुळगुळीत, तांबूस आणि पातळ दिसते. मग तिथे घट्टा धरतो. घट्ट्याच्या मधोमध काळपट खपली येते. आत सूज वाढते, हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतं. इथवर पोचलेलं दुखणं तसंच सोडलं तर ते कंडरांत (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांत), सांध्यात आणि हाडात उतरतं. हाडात उतरल्यावर पाय वाचेलच असं कोणी सांगू शकत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. माणसाच्या गळवात पू पातळ असतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींमधली काही रसायनं मेलेला भाग विरघळवतात. पक्ष्यांच्या तशाच पेशींमध्ये ती सोय अपुरी आहे. त्यामुळे त्यांचा पू निथळलेल्या चक्क्यासारखा घट्ट आणि कोरडा होतो. शरीर त्याच्याभोवती एक पिशवी तयार करतं आणि तो तिथेच बसून राहतो. म्हणून हंसाचं गळू दाबून काहीही बाहेर येत नाही. दाबल्याने पिशवी आतल्या आत फुटते आणि जंतू शेजारच्या भागात पसरतात. पोटीस बांधून ‘पिकवणं’ही जमत नाही, कारण ते माणसासारखं पिकतच नाही. नुसत्या अँटिबायोटिकचाही अशा गाठीवर फारसा उपयोग होत नाही. रक्तातून आलेलं औषध त्या कोरड्या गोळ्यात शिरायला वाटच नसते.

तेव्हा घरच्या उपचारांची हद्द इथेच आखून घ्यावी. लाली, घट्टा, वरवरची खपली, ताजा ओरखडा, एवढं घरी सांभाळता येतं. गाठ झाली असेल, पाय गरम असेल, सूज बोटांच्या मुळांकडे किंवा वर घोट्याकडे सरकत असेल, तर डॉक्टरच हवा. यूट्यूबवर लोक स्वयंपाकघराच्या ओट्यावर ब्लेडने तळवा कापून गोळा बाहेर काढताना दिसतात. माझं स्पष्ट मत आहे की हे घरी करू नये. तिथून कंडरा आणि रक्तवाहिन्या हाकेच्या अंतरावर असतात. भूल नसते. पक्ष्याला वेदना होत नाहीत असं तो ओरडला नाही म्हणून ठरवता येत नाही.

पकडायचं कसं

पाय बघायचा तर आधी हंस हातात यायला हवा. बाजारात कोंबड्या पाय धरून उलट्या लटकवतात, तसं हंसाला कधीही करू नका. अंगाच्या मानाने त्याचे पाय नाजूक असतात आणि एवढ्या वजनाने सांधा निखळू शकतो. संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर, शांतपणे कोपऱ्यात घ्या. दोन्ही पंख अंगाशी धरून उचला, एक हात पोटाखाली ठेवा आणि डोकं तुमच्या पाठीमागच्या बाजूला जाईल असं काखेत घ्या. म्हणजे चोच तुमच्या तोंडापासून लांब राहते. जुना टॉवेल गुंडाळला आणि डोळ्यांवर हलकं फडकं टाकलं की बहुतेक हंस शांत होतात.

छाती आवळू मात्र नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड खालीवर झालं तरच त्यांचा श्वास चालतो. कुशीत घट्ट धरलेला हंस गुदमरू शकतो. दोन माणसं असली तर काम निम्म्या वेळात होतं, एकाने धरायचं, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाय बघायचा. दुखरा पाय आणि बरा पाय नेहमी शेजारी शेजारी बघा. नुसत्या एका पायावरून सूज कळत नाही. बोटांमधले पडदे उलगडून बघा. करवंदीचा काटा किंवा शिंपल्याची कपची पुष्कळदा तिथेच दडलेली असते.

भिजवणं, पुसणं, बांधणं

टबात घोट्यापर्यंत येईल एवढं कोमट पाणी घ्या. चार-पाच लिटर पाण्याला अर्धी वाटी एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. केमिस्टकडे मिळतं. पंधरा-वीस मिनिटं हंसाला त्यात उभं ठेवायचं. तो ते पाणी पिणार नाही याची काळजी घ्या, कारण त्याने जुलाब होतात. आधी साध्या पाण्याने तहान भागवलेली बरी. भिजवण्याने खपली मऊ पडते आणि घाण सुटते. आतली गाठ त्याने विरघळत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नये.

मग पाय स्वच्छ फडक्याने कोरडा करा. जखम धुवायची असेल तर घरचं सलाइन उत्तम. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमच्याने सपाट दीड चमचा. ‘समुद्राचं पाणी लावा, खारट असतं’ हा सल्ला किनाऱ्यावर सर्रास मिळतो. पण समुद्राचं पाणी सलाइनच्या जवळजवळ चौपट खारट असतं, जखमेला झोंबतं, आणि गावच्या व्हाळाच्या मुखाशी ते किती स्वच्छ असतं हे आपण जाणतोच.

जंतुनाशक म्हणून पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून वापरा. रंग फिक्या कोऱ्या चहाइतका हवा. बाटलीतून थेट ओतलेलं गडद औषध नव्या पेशींनाही मारतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं तेच. पहिल्यांदा फेस येतो म्हणून समाधान वाटतं, पण रोज लावलं तर जखम भरतच नाही. खपली आपणहून सैल झाली असेल तर ओल्या गॉजने पुसून निघू द्या. घट्ट असेल तर राहू द्या, उद्या पुन्हा भिजवा. मलम लावायचंच तर अगदी थोडं. तेलकट पदार्थ पायावरून पिसांवर जातो आणि पिसं पाणी धरायला लागतात. भर पावसात भिजून काकडलेला हंस हे आणखी एक दुखणं.

पट्टी बांधायची वेळ आली तर जखमेवर गॉज, त्याच्याभोवती मऊ फोमची चकती, मधे भोक ठेवून. पाण्याच्या पाइपवर चढवतात तो फोम कापून छान होतो. चकतीमुळे भार जखमेऐवजी तिच्या कडेवर पडतो. वरून स्वतःला चिकटणारी पट्टी बोटांच्या मधून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायची. ही पट्टी ताणून बांधण्याचा मोह होतो, तो टाळा. तासाभराने बोटं बघा. फुगली असतील, गार लागत असतील किंवा पडद्याचा रंग बदलला असेल तर सोडून सैल बांधा. ओली पट्टी पट्टी नसण्यापेक्षा वाईट, म्हणून रोज बदला. वरून प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवू नका, आत ओल धरते.

हे सगळं हातमोजे घालून करा. हे जंतू माणसालाही लागतात, आणि पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो, तो वेगळाच. हाताला कापलेलं असेल तर हंसांच्या डबक्यात हात घालू नये.

बिब्बा, चुना आणि घरातल्या गोळ्या

वाडीत कोणाला ना कोणाला बिब्बा आठवतोच. ‘बिब्बो लाव, काटो वर येतलो.’ बिब्ब्याच्या तेलाने माणसाच्या अंगावरही फोड उठतात, हंसाच्या पडद्यांची कातडी तर त्याहून पातळ. रॉकेल, टर्पेंटाइन, बॅटरीचं पाणी यांची नावंही ऐकली आहेत. यातलं काहीही नको. हळद लावल्याने अपाय नाही, पण तेलात कालवून लेप दिलात तर पिसांचा प्रश्न येतो आणि पिवळ्या थराखाली लाली दिसेनाशी होते.

गोठ्यासारखं आवारात चुन्याची फक्की किंवा ब्लीचिंग पावडर मारणं हेही नको. ओल्या पायाला ती भाजते. मारायचीच असेल तर हंस दुसरीकडे हलवा, धुऊन वाळवून मगच परत आणा.

आणि माणसाची वेदनाशामकं अजिबात नाहीत. डायक्लोफेनॅकने आपल्या देशातल्या गिधाडांचं काय केलं हे माहीत असेलच. औषध दिलेल्या गुरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं जपण्यासाठी लोकांनी किती वर्षं खपून काम केलं आहे! हंस गिधाड नव्हे हे खरं, पण पक्ष्याला कोणती गोळी, किती वजनाला किती, हे घरी अंदाजाने ठरवायचं काम नाही.

जमीन

औषधपाण्याला दिवसातली वीस मिनिटं लागतात, उरलेले साडेतेवीस तासांहून जास्त पाय जमिनीवर असतो. म्हणून खरा उपचार इथे आहे, आणि तोच लोक टाळतात.

रात्रीचा निवारा चिऱ्याच्या जोत्यावर, बाहेरच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच आणि एका बाजूला उताराचा करा. वर झावळ्यांचं शाकार असो वा पत्रा, पागोळी आत पडता कामा नये. खाली गोठ्यात घालतात ती रबरी मॅट, आणि तिच्यावर भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा. पेंढा चालतो, पण कोरडा असेल तोवरच. पावसाळ्यात पेंढ्याला बुरशी फार लवकर लागते आणि ती हंसांच्या फुप्फुसात जाऊन पायापेक्षा मोठं संकट उभं करते. कुबट वास आला की टाकून द्या. रोज सकाळी ओला थर तेवढा काढायचा आणि वर मूठ-दोन मूठ कोरडं घालायचं, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पिण्याच्या पाण्याचं भांडं हे चिखलाचं उगमस्थान. हंस पाण्याने खेळतात, चोचीने उडवतात, भोवताली दलदल करतात. भांडं जाळीच्या किंवा फळ्यांच्या चौकटीवर ठेवा, खाली खड्डा करून त्यात खडी भरा, म्हणजे सांडलेलं पाणी पायाखाली राहत नाही. जागा अधूनमधून बदला. किनाऱ्यावरची वाळू आणून पसरायची असेल तर चाळून शिंपले काढा आणि गोड्या पाण्याने धुऊन घ्या. पोहायचं टब असेल तर त्याला उतरायला फळी लावा. कडेवरून धपकन उडी मारणारा जड नर तळवे आपटून घेतो.

वजनही जमिनीइतकंच महत्त्वाचं. कोकणात हंसाला उरलासुरला भात सढळ हाताने घातला जातो. पांढऱ्या भाताने चरबी चढते, पण कातडी धड ठेवणारं ‘अ’ जीवनसत्त्व त्यात नाही. हंस मुळात गवत खाणारा पक्षी आहे. त्याला चरायला सोडा, शेवग्याचा पाला, पालक, किसलेला लाल भोपळा द्या आणि भाताचा हात आखडता घ्या.

तंगूस

मासेमारीच्या गावात ही वेगळीच पीडा. नायलॉनचा तंगूस किंवा फाटक्या जाळ्याचा तुकडा बोटाला गुंडाळतो, हंस चालतो तसा आवळत जातो आणि कातडीत रुतून दिसेनासा होतो. वरून फक्त सुजलेलं बोट आणि एक खाच दिसते. लोक बंबलफूट समजून मलम लावत बसतात. तेव्हा सुजलेल्या बोटाभोवती गोल खाच असेल तर आधी दोरा शोधा. कोमट पाण्यात भिजवा, नखं कापायची लहान कात्री घ्या आणि दोरा कापून तुकड्यातुकड्यांत काढा. ओढू नका, ओढल्यावर तो करवतीसारखा कापत जातो. बोट काळं, गार, कोरडं पडलं असेल तर डॉक्टरांकडे. पायाला सुतळी बांधून हंस अडकवून ठेवण्याची सवय असेल तर तीही आजच सोडा, तिच्यामुळेही असंच होतं. गरी रुतली असेल तर आली त्या वाटेने उलटी ओढू नका, तिचा आकडा मांस फाडतो.

पिल्लांचे वाकडे पाय

पिल्लांच्या दुखण्याचा जखमेशी बहुधा संबंध नसतो. बाजारात हंसाच्या पिल्लांसाठी वेगळं खाद्य सहसा मिळत नाही, म्हणून त्यांना कोंबडीच्या पिल्लांचं घालतात. हंसाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व किलोभर खाद्यात सुमारे 65 मिलिग्रॅम लागतं, कोंबडीच्या पिल्लाच्या गरजेपेक्षा जवळजवळ दुप्पट. कमी पडलं की घोट्याचा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू बसून राहतं. खाद्यात ब्रूअर्स यीस्टची पूड मिसळली आणि ते लवकर केलं तर बरंच सावरतं. हाडं वाकडी पक्की झाल्यावर फारसं काही करता येत नाही. वर्तमानपत्रावर किंवा फरशीवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात. त्यांना पहिल्या दिवसापासून खरखरीत कापड किंवा रबरी मॅट द्यावी.

पाय दुखतो, पण दुखणं पायात नाही

तळवा स्वच्छ आहे आणि तरी हंस उभा राहत नाही, तेव्हा घरगुती उपाय करत वेळ घालवू नका. किनाऱ्यावर एक शक्यता हमखास तपासावी, ती म्हणजे शिसं. हंस खाल्लेलं दळण्यासाठी खडे गिळतात आणि जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या त्यांना खड्यांसारख्याच वाटतात. अशक्तपणा, लडबडणारी चाल, हिरवी विष्ठा अशी लक्षणं दिसतात. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात मेलेले मासे कुजत असतील तर बॉट्युलिझमची विषबाधा होते. तीत आधी पाय जातात, मग पंख, मग मान. बोटांच्या सांध्यांत पांढुरक्या, टणक गाठी असतील तर तो संधिवातासारखा गाउट असू शकतो. तो मूत्रपिंडाचा आजार आहे, तिथे काही कापायचं नसतं. आणि एकाच वेळी अनेक पक्षी लडखडायला, मरायला लागले तर हात न लावता सरकारी दवाखान्याला कळवा. राज्यात 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हापासून ही खबर देण्याला महत्त्व आहे.

घरचा उपचार आठवडाभर करून लाली ओसरत नसेल, किंवा हंस खाणं सोडून बसून असेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाणं शक्य नसेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. तालुक्याच्या डॉक्टरांचा हात गुरांवर बसलेला असतो, हंस क्वचितच येतो, म्हणून माहिती तुम्ही नीट न्या. स्वयंपाकघरातल्या किंवा किराणा दुकानातल्या काट्यावर केलेलं वजन, तळव्याचे रोजचे फोटो, खाणं काय, जमीन कशी, आधी काय लावलं. नेताना जोडीदारालाही सोबत न्या किंवा निदान घरी एकमेकांना दिसतील असं ठेवा, जोडी तुटली की हंस खाणं टाकतो. औषध सुरू झालं तर त्या काळात आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी विचारून घ्या.